जुनी गाडी घेताय? आधी तिला कुडपण चढू द्या



"सर, सात माणसं बसतील आणि मागे सामानही राहील अशी जुनी गाडी हवी आहे. कुठली घेऊ?" होमस्टे किंवा जेवणाची सोय सुरू करणारे हे हमखास विचारतात. परदेशात अशा कामाला स्टेशन वॅगन असते. आपल्याकडे टाटांनी १९९२ मध्ये इस्टेट आणली होती, ती काही रुजली नाही. आपली स्टेशन वॅगन म्हणजे बोलेरो, ईको, अर्टिगा, नाहीतर जुनी सुमो.

माझं मत विचाराल तर 'कुठली' हा प्रश्न नंतरचा. गाडी तुम्ही कुठे चालवून बघितली, हे आधी सांगा. डीलर तुम्हाला महाडच्या हायवेवर दोन किलोमीटर फिरवून आणतो. हायवेवर सगळ्याच गाड्या चांगल्या असतात हो! तुमचा धंदा आहे कुडपणला. म्हणून डीलरला सांगा, गाडी वर आणा, डिझेल मी टाकतो. पाच-सहा माणसं बसवा, तांदळाची दोन पोती मागे टाका आणि चढ घ्या. क्लच घसरतो का, इंजिन तापतं का, उतरताना ब्रेक कसा लागतो, सगळं तासाभरात कळतं. सीएनजी ईको घेणाऱ्यांनी तर हे कराच. सीएनजीवर चढाला ताकद कमी पडते आणि टाकी नेमकी मागची सामानाची जागा खाते. टाकीच्या तपासणीचं सर्टिफिकेटही मागा. ही तपासणी दर तीन वर्षांनी असते.

दुसरी गोष्ट पुराची. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूण दोन्ही बुडाली, हे आपण विसरायचं नाही. पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन, पॉलिश करून छान दिसते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला चिखलाचा डाग असतो. सीटच्या रुळावर, स्टेपनीच्या खड्ड्यात, डॅशबोर्डखालच्या बोल्टवर गंज बघा. गाडी त्याआधीची असेल तर सर्व्हिसची आणि विम्याच्या क्लेमची जुनी माहिती मागा. वायरिंगची भानगड दोन वर्षांनीही वर येते, आणि येते ती पावसात, गाडीत पाहुणे असताना.

आता सगळ्यात महागडी चूक. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त मिळते म्हणून घ्यायची आणि तिच्यातून भीमाची काठी बघायला आलेले पाहुणे पैसे घेऊन फिरवायचे. "सगळेच करतात" हे मला सांगू नका. खासगी गाडीच्या विम्यात भाड्याने माणसं नेणं बसत नाही. घाटात काही झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते, मग भरपाईसाठी घर, जमीन, सगळं पणाला लागतं. पाहुणे नेऊन कमवायचं असेल तर पिवळ्या पाटीचीच गाडी बघा. तिचं परमिट, फिटनेस, कर चालू आहे का ते तपासा. खासगी गाडी टॅक्सीत बदलता येते, पण परमिट, नवा विमा आणि पेणच्या आरटीओच्या फेऱ्या धरल्या की ती 'स्वस्त' गाडी स्वस्त राहत नाही. फक्त स्वतःचा किराणा, गॅस, भाजी वर न्यायची असेल, तर वेगळा विचार करता येतो, पण तेही आरटीओत आणि विमा एजंटला विचारूनच.

डीलरबद्दलही थोडं. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं असतं, ते बिनधास्त मागा. खरा धंदा करणारा रागावत नाही. गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाका. कर्ज दिसलं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे गाडी नावावर झाली असं नाही, ते अर्ज आरटीओत जायला लागतात. विमाही लगेच नावावर करून घ्या, त्यासाठी चौदा दिवस असतात.

टोकन द्यायचंच असेल तर थोडंच द्या, आणि पावतीवर लिहून घ्या: "गाडी कुडपणला चढवून बघितल्यावर व्यवहार पक्का, नाहीतर टोकन परत." हे वाक्य लिहायला डीलरने नाही म्हटलं, तर चहा संपवा आणि उठा.