घारीचा मांजा कुठे असतो?

गेल्या हिवाळ्यात बहिणीकडे जबलपूरला गेले होते. एका दुपारी आम्ही सगळे ग्वारीघाटावर नर्मदेच्या पायऱ्यांवर बसलो होतो. डोक्यावर घारी घिरट्या घालत होत्या. नऊ वर्षांच्या भाचीने विचारले, "मावशी, ही पंख न हलवता वर कशी राहते गं?"

"वाऱ्यावर तरंगते, पतंगासारखी," असे सांगून मी मोकळी झाले.

"पण पतंगाला मांजा असतो. घारीचा मांजा कुठंय?"

मी गप्प! घरी येऊन पुस्तके चाळली, तेव्हा कळले की चूक माझीच होती.

मांजा पतंगाला धरून ठेवतो, म्हणून वारा त्याला उचलू शकतो. मांजा तुटला, की पतंग वाऱ्याबरोबर वाहत खाली येतो. पक्ष्याला तर मांजाच नाही. सगळीकडे सारखा वाहणारा आडवा वारा त्याला नुसता वाहून नेईल, वर धरून ठेवणार नाही. लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८३ मध्ये हेच मांडले, तेही आसाममधल्या पेलिकन पक्ष्यांच्या निरीक्षणांचा संदर्भ देऊन. पंख न हलवता उंची टिकवायची, तर वारा वर चढणारा तरी हवा, नाही तर ठिकठिकाणी कमी-जास्त वेगाचा तरी.

ग्वारीघाटावरच्या घारी पहिल्या प्रकारातल्या. उन्हाने जमीन तापते, गरम हवा वर चढते आणि घार त्या हवेतच गोल फिरत राहते. पुण्याला हडपसरच्या आकाशात बिनइंजिनाची ग्लायडर विमाने आपल्यापैकी काहींनी पाहिली असतील. तीही अशाच हवेच्या आधाराने उंची गाठतात.

दुसरी युक्ती समुद्रावरच्या अल्बट्रॉसची. पाण्यालगत वारा मंद असतो, वर जावे तसा जोराचा. हा पक्षी वाऱ्याकडे तोंड करून चढतो. प्रत्येक थरात समोरचा वारा वाढत जातो, म्हणून चढतानाही पंखांखालच्या हवेचा वेग फारसा घटत नाही. वर पोचला की वळतो आणि वाऱ्याच्या दिशेने खालच्या मंद हवेत सूर मारतो. तिथेही त्याच्या पदरात वेगच पडतो. मात्र वळण बेताचे हवे. फार आवळले तर कमावलेला वेग हवेच्या विरोधात खर्च होतो, फार सैल ठेवले तर मिळकतच थोडी. असा नेमका मार्ग आता गणिताने काढता येतो. १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियात इंगो रेनर यांनी ग्लायडरने ही युक्ती साधली. २०२१ मध्ये अमेरिकेत डोंगराआडच्या वाऱ्यात एका बिनइंजिनाच्या खेळण्यातल्या ग्लायडरने ताशी ८८० किलोमीटरचा वेग ओलांडला!

भाचीला फोन करून हे सगळे सांगितले. आधी कबूल केले, "त्या दिवशी मी चुकीचे सांगितले होते." मुलांच्या प्रश्नाला काहीतरी ठोकून देण्यापेक्षा "माहीत नाही, शोधून सांगते" म्हणावे. त्यात आपला मोठेपणा कमी होत नाही.