इंजिनाआधी तराजू

यंदा वरच्या वर्गांतील काही विद्यार्थ्यांनी रेडिओ-नियंत्रित छोट्या विमानास पेट्रोलचे इंजिन बसविण्याची परवानगी मागितली, आणि शिक्षकांत व पालकांत दोन तट पडले. एक पक्ष म्हणतो, बॅटरीवर उडणारी तयार विमाने बाजारात मिळत असता हा तेलकट उपद्व्याप कशासाठी? दुसरा पक्ष विचारतो, ज्या बडोद्यात २०२४ च्या ऑक्टोबरात सी-२९५ विमानांच्या जुळणीच्या कारखान्याचे उद्घाटन झाले, तेथील मुलांस साधा पाना धरता येऊ नये हे शोभते काय? आम्ही या दुसऱ्या पक्षाचे आहोत. मात्र आमची एक अट आहे. इंजिनाआधी तराजू आणावा.

छंदाच्या विमानांत पुष्कळ वर्षे जी छोटी इंजिने वापरात आहेत ती मेथॅनॉल आणि तेल यांच्या मिश्रणावर चालतात. त्यांत प्लगमधील तापलेली तारच इंधन पेटविते. हे इंधन महाग आणि मिळावयास कठीण. पेट्रोल कोपऱ्यावरच्या पंपावर मिळते व वजनाच्या मानाने त्यात मेथॅनॉलच्या दुपटीहून अधिक ऊर्जा असते. म्हणून मुलांना पेट्रोलचा मोह पडतो, आणि तो रास्त आहे. पण पेट्रोल पेटविण्यास ठिणगी लागते; ठिणगीस स्वतंत्र सामग्री लागते; आणि या साऱ्याचे वजन विमानाच्या नेमके नाकावर येऊन बसते.

येथे आठवीनववीतील तरफेचा नियम उभा राहतो. समजा, नवे इंजिन जुन्यापेक्षा ४०० ग्रॅम जड आहे आणि ते गुरुत्वमध्याच्या ३० सेंटिमीटर पुढे बसते. तोल राखण्यासाठी मागे ६० सेंटिमीटरांवर २०० ग्रॅम हवेत. शेपटीत शिसे भरणे हा आळशाचा उपाय. बॅटरी मागे सरकविणे, शेपटीची सुकाणू हलविणारी छोटी यंत्रे मागे नेणे, हा शहाण्याचा. तरीही एकूण वजन वाढतेच. ते पाचव्या हिश्शाने वाढले, तर विमान ज्या वेगाखाली हवेत तरूच शकत नाही तो वेग सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो. म्हणजे उतरतानाही तितकेच वेगाने उतरावे लागते. वह्यांत घोकलेले वर्गमूळ येथे जमिनीवर आपटते! गणिताच्या तासाला जांभया देणाऱ्या मुलास याहून चांगला धडा आम्हांस तरी ठाऊक नाही.

ठिणगीची आणखी एक खोडी आहे. प्रत्येक ठिणगी रेडिओलहरी फेकते. मार्कोनीचे आरंभीचे बिनतारी संदेश ठिणग्यांतूनच निघाले होते. तेव्हा ठिणगीची सामग्री रेडिओच्या ग्राहक-यंत्रापासून दूर ठेवावी, तिची बॅटरी निराळी असावी आणि जमिनीवरून ठिणगी बंद करता येईल अशी कळ असावीच असावी. मेथॅनॉलसाठी वापरलेली सिलिकोनची नळी पेट्रोलमध्ये फुगून निकामी होते, ती बदलावी. इंजिन ज्या प्लायवूडच्या भिंतीवर बसते ती हादऱ्यांस पुरेल इतकी मजबूत करावी. आणि फिरता पंखा! तो डोळ्यांस दिसत नाही, म्हणून हातांस सापडतो. त्याच्या फिरण्याच्या रेषेत कोणी उभे राहू नये, आणि इंजिन सुरू करताना एकाने शेपूट घट्ट धरावी. या बाबतीत आम्ही कठोर आहोत.

एवढ्या खटाटोपाने काय साधते, असे विचारणाऱ्यांस आम्ही मेनार्ड हिल या अमेरिकन गृहस्थांचे नाव सांगतो. वय सत्याहत्तरीला टेकलेले, दृष्टी जवळजवळ गेलेली. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह छंदाच्या विमानाचे लहानसे इंजिन ठिणगीवर चालेल असे बदलून घेतले. इंधनासह पाच किलोग्रॅमांच्या आत बसणारे त्यांचे विमान २००३ च्या ऑगस्टमध्ये न्यूफाउंडलंडहून निघाले आणि सुमारे ३९ तासांनी, तीन हजारांवर किलोमीटर अटलांटिक ओलांडून आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरले. त्या विमानात ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब होता.

आता थोडे अप्रिय लिहितो. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले आणि आपल्या सयाजीराव महाराजांनी ते पाहिले, ही कथा मराठी घरांत अभिमानाने सांगतात; बडोद्यात तर विशेषच. त्या उड्डाणाचा विश्वसनीय पुरावा नाही. विमानाचे वजन किती, यंत्राची शक्ती किती, हे सांगणारी एकही तपासता येण्याजोगी नोंद नाही. त्याच ओघात ज्या 'वैमानिकशास्त्रा'चा दाखला देतात, त्यातील विमाने उडू शकत नाहीत असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. याउलट राइट बंधूंनी पंखांची मोजमापे केली, चार्ल्स टेलर या त्यांच्या कारागिराने सुमारे बारा अश्वशक्तीचे इंजिन घडविले, आणि १७ डिसेंबर १९०३ च्या पहिल्या उड्डाणाचे १२ सेकंद व १२० फूट आजही जगाच्या दप्तरी आहेत. तळपद्यांच्या जिज्ञासेस आमचा नमस्कार. पण महाराजांचा अभिमान बाळगावयाचा तर १८९० साली त्यांनी काढलेल्या कलाभवनाचा बाळगावा. तेथे हातांनी काम शिकवीत असत.

राहता राहिला जागेचा प्रश्न. हरणीचा विमानतळ फतेगंजापासून आठ किलोमीटरांच्या बराच आत आहे, आणि २०२१ च्या ड्रोन-नियमांप्रमाणे इतक्या जवळ परवानगीवाचून उडविता येत नाही. तेव्हा शाळेच्या मैदानावर इंजिन केवळ बांधून चालवावे, तेही शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोपेची वेळ टाळून. उड्डाण शहराबाहेर, नियमांत बसेल अशा मोकळ्या जागी व जाणत्या चालकाच्या हाती व्हावे. पेट्रोल शिक्षकांच्या ताब्यात राहील. दप्तरातील बाटलीत नव्हे.

मुलांनी दिलेल्या अर्जावर एकाही मुलीची सही नाही. विज्ञानाच्या वह्या मात्र त्यांनी मुलींकडूनच मागून नेल्या होत्या, असे ऐकतो. अर्ज पुन्हा लिहावा, मुलींस विचारून लिहावा, आणि सोबत विमानाच्या प्रत्येक भागाचे वजन जोडावे. आम्ही त्यावर पहिली सही करू.