ठरावाने मुलं शहाणी होत नाहीत

ग्रामसभेत हात वर झाले की कायदा झाला, असा समज बळावतो आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. उद्या कुणी म्हणेल, 'रात्री आठनंतर पोरं रस्त्यावर नकोत.' टाळ्या वाजतील.

पण धरणार कुणाला? आमच्या पिरंगुटमध्ये कारखान्यांच्या रात्रपाळ्या चालतात. बंगल्यातलं पोर आत असतं. भाड्याच्या एका खोलीत बापाची झोप व्हावी म्हणून बाहेर बसलेलं पोर सापडेल. मग त्याचं आडनाव विचारलं जाईल. हे हवेतलं बोलणं नाही. मे 2025 मध्ये पौडच्या मंदिरातल्या विटंबनेनंतर मुळशीतल्या काही गावांनी बाहेरच्या मुसलमानांना जुम्म्याच्या नमाजासाठी मज्जाव केला. त्यात पिरंगुटही होतं. गुन्ह्याची शिक्षा गुन्हेगाराला व्हावीच. इथे ती अख्ख्या समाजाला झाली.

संचाराचं स्वातंत्र्य राज्यघटनेच्या कलम 19 ने दिलं आहे. ते हात वर करून काढून घेता येत नाही. आणि फायदा तरी काय? अमेरिकेतल्या बालसंचारबंदीवरच्या 12 अभ्यासांचा आढावा 2016 मध्ये निघाला. तिने गुन्हे घटल्याचं दिसलं नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद होतात, मोठ्यांचेसुद्धा. काळजी ती ही. आपल्यालाही करायची असेल तर अभ्यासिका उघडी ठेवा, रस्त्यावर दिवे लावा. पोरांवर पहारे बसवणारं गाव पुढे शेजाऱ्यावरही पहारा बसवतं.