आधी घरं, मग गाळा

पुण्या-मुंबईतल्या स्पामध्ये पाच-सात वर्षं काढलेली बाई कधीतरी हिशेब मांडतेच. तासाच्या मालिशीला गिऱ्हाईक काउंटरवर, समजा, दोन हजार मोजतं. त्यातले आपल्या पगारात किती उतरतात? उत्तर दिसलं की पुढचा विचार ठरलेला : आपलंच का काढू नये? विचार रास्त आहे. पण त्यानंतर पहिलं काम होतं ते गाळा बघण्याचं, आणि तिथेच गणित बिघडतं.

डिपॉझिट, भाडं, एसी, गरम पाणी, रोज धुवायच्या चादरी आणि टॉवेल. गिऱ्हाईक यायच्या आधीच मीटर पळू लागतं. उलट उत्पन्न कुठवर जाईल हे हातांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. वडापावच्या गाडीवर गर्दी झाली तर घाणे वाढवता येतात. मालिशीत एका अंगठ्याचे दोन होत नाहीत. अख्ख्या अंगाच्या चार-पाच मालिशी झाल्या की अंगठ्याचं मूळ, मनगट आणि कंबर बोलायला लागतात. त्यामुळे स्पाच्या दराला दिवसाच्या तासांनी गुणून काढलेला आकडा खोटा. दिवसाला चार मालिशी आणि आठवड्याचे पाच दिवस धरावेत, आजारपणाचे आणि सणावारांचे वजा करावेत, आणि उरेल त्यात भाडं बसतं का ते बघावं. बहुधा बसत नाही.

शिवाय पाटीवर ‘मसाज’ लिहायचं म्हटलं की जागामालकाच्या कपाळाला आठी पडते. त्यालाही फार दोष देता येत नाही. वर्तमानपत्रात हा शब्द येतो तो बहुतेक छाप्याच्या बातमीत. या धंद्याकडे सर्वांत बारीक लक्ष असलेलं सरकारी खातं म्हणजे पोलीस. आणि त्यांच्या हातातला कायदा १९५६चा ‘पिटा’, देहव्यापार रोखण्यासाठी केलेला. सरळ काम करणाऱ्या बाईने आपण कोण हे दाखवायचं तरी कशाने? फिजिओथेरपिस्टला राज्यात परिषद आहे, नोंदणी आहे. जपानने मालिश करणाऱ्यांसाठी १९४७ सालीच कायदा करून परवाना ठेवला. आपल्याकडे कोर्सची प्रमाणपत्रं हवी तेवढी मिळतात, मालिश करणाऱ्या व्यक्तीला परवाना मात्र कुणी देत नाही. २०२३च्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत न्हावी आहे, परीट आहे, हार करणारा आहे, मालिशवाली नाही. उद्यम नोंदणी फुकट होते, ती जरूर करावी, बँकेत उपयोगी पडते. दारात आलेल्या हवालदाराचं त्या कागदाने समाधान होईल, ही आशा मात्र ठेवू नये.

गंमत अशी की मालिशीचा स्वतंत्र धंदा आपल्याकडे नवा नाहीच. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणारी मावशी तो पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहे. सव्वा महिन्याचं काम आधीच बोलून ठेवलेलं, सकाळची चार घरं एकाच आळीतली, तेल घरच्यांचं, शेगडी घरच्यांची, शेवटी ठरलेल्या पैशांवर साडी. पुढचं काम त्याच घरातली आत्या नाहीतर शेजारीण मिळवून देते. भांडवल नाही, जाहिरात नाही आणि संशयही नाही, कारण तिला घरात आणलेलं असतं ते आजेसासूने. तिचं सगळंच बरोबर असतं असं नव्हे. तान्ह्या बाळाच्या नाकात तेल सोडू नका म्हणून डॉक्टर सांगून थकले. धंद्याची रीत मात्र चोख.

मधला रस्ता म्हणून हल्ली ॲप सुचवतात. घरं मिळतात, हे खरं. पण गिऱ्हाईक ॲपचं, दर ॲपचा, आणि गिऱ्हाइकांनी दिलेले तारे कमी पडले की काम थांबवणारंही ॲपच. २०२१च्या ऑक्टोबरात अर्बन कंपनी या घरपोच सेवांच्या ॲपशी जोडलेल्या महिला कमिशन आणि दंडाविरुद्ध गुरुग्राममध्ये रस्त्यावर आल्या. डिसेंबरात पुन्हा धरणं धरून बसल्या तेव्हा कंपनी त्यांच्याविरुद्ध कोर्टात गेली. कागदोपत्री त्या ‘पार्टनर’ होत्या.

तेव्हा नोकरी लगेच सोडू नये. सुट्टीच्या दिवसात आधी घरं बांधावीत : गुडघे धरलेल्या आजी, बाळंतीण, संगणकासमोर मान अवघडलेली सून. फक्त बायकांचंच काम घेते, हे पहिल्या फोनवरच सांगावं. ताप असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा एकच पोटरी सुजून गरम लागत असेल, तर हात न लावता डॉक्टरकडे पाठवावं. एका दिवसाचे पैसे बुडतात, घर तुटत नाही. दहा-बारा घरं वर्षभर टिकली तर नोकरी सोडायला हरकत नाही. गाळ्याचा विचार त्यानंतर, तोही भरवशाची दुसरी बाई सोबतीला असेल तरच.

पैसे महिन्याचे आगाऊ घ्यावेत, आयत्या वेळी नाही म्हणणाऱ्याला तो दिवस भरून देऊ नये. आणि नणंदेच्या कंबरेचे पैसे घ्यायचे की नाहीत, हेही धंदा सुरू करायच्या आधीच घरात बोलून घ्यावं.