‘ग्रीस संपलं’ म्हणू नका

गुडघे दुखू लागले की आपल्याकडे निदान तयारच असतं. शेजारचे काका सांगतात, ‘वाटी झिजली.’ कुणी म्हणतं, ‘ग्रीस संपलं.’ आमच्या घरात अम्मी म्हणते, ‘उम्र का तकाज़ा है, बेटा.’ भाषा दोन, अर्थ एकच: आता काही होणार नाही, सोसा. मी भाषा शिकवतो, म्हणून मला हे शब्द खटकतात. शब्द चुकला की उपायही चुकतो.

सांधा म्हणजे दाराची बिजागरी नव्हे. तो जिवंत आहे. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते आणि कोलेजन नावाच्या प्रथिनाच्या जाळीमुळे ती ताण सहन करते. निरोगी कूर्चेत मुख्यतः ‘टाइप दोन’ कोलेजन असतं. जुनी दुखापत, वाढलेलं वजन, वय, आनुवंशिकता अशा कारणांनी सांध्यात दाह सुरू झाला, की काही विकरं ही जाळी तोडू लागतात. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून दुरुस्ती फार मंद होते. झालीच, तर तिथे बऱ्याचदा ‘टाइप एक’ कोलेजनची तंतुमय ठिगळं बसतात. व्रणासारखीच ती, भार पेलायला कमी पडतात.

शिवाय सांध्याच्या आतलं अस्तर आणि भोवतीचं आवरणही व्रण पडल्यासारखं जाड, ताठर होतं. बराच वेळ बसून उठताना गुडघा आखडतो, पूर्ण वाकत नाही, त्यात या ताठरपणाचाही वाटा असतो. साध्या एक्स-रेमध्ये तो दिसत नाही. म्हणून ‘फोटोत फार काही नाही’ हे ऐकून घरच्यांनी बाईच्या दुखण्याला नाटक म्हणू नये.

आमच्या मोहल्ल्यात नेमकं तेच होतं. जमिनीवर बसून रोट्या लाटणारी खाला वर्षानुवर्षे गप्प राहते. मशिदीत खुर्चीवर नमाज पढणाऱ्याकडे लोक वळून बघतात, म्हणून काही जण दात-ओठ खात सजद्यात जातात. ज्याला उभं राहता येत नाही त्याने बसून नमाज पढावी, ही सवलत दीनने स्वतःच दिली आहे. अल्लाहने दिलेली सवलत नाकारणं ही काही परहेजगारी नव्हे.

दुसरं टोक कोलेजन पावडरीचं. खाल्लेलं कोलेजन पोटात पचतं, त्याचे तुकडे होतात. ते सरळ गुडघ्यात जाऊन बसत नाही. ती गायीच्या, डुकराच्या किंवा माशाच्या कातडी-हाडांपासून बनते, तेव्हा हलाल-हरामचा प्रश्न आहेच. पण महागडा डबा घेण्याआधी ‘याने फायदा किती?’ हाही प्रश्न विचारा.

खरा उपाय स्वस्त आणि कंटाळवाणा आहे. फिजिओथेरपिस्टकडून मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्यायचे आणि ते रोज करायचे. चालणं सोडायचं नाही. वजन जास्त असेल तर उतरवायचं: एक किलो कमी झालं, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. तुटलेली जाळी पूर्ववत होत नाही, हे खरं. पण दुखणं आणि ताठरपणा कमी होऊ शकतो.

अम्मीला मी आता एवढंच सांगतो: उम्र का तकाज़ा असेल, पण इलाज का भी तकाज़ा है.