बिंदुमेघ आणि बखर: वास्तूंच्या लेझर मोजणीत अस्सल साधन कोणते?

१/ १५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलला आग लागली. छपराचा मध्ययुगीन ओक लाकडी सांगाडा जळाला, उंच मनोरा कोसळला. डिसेंबर २०२४ मध्ये हीच वास्तू पुन्हा खुली झाली. या पुनर्बांधणीचे श्रेय अनेकदा ‘लेझर’ या एका शब्दात आटोपले जाते. ते अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्यात मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला ओळखीचा असा एक जुना वाद दडलेला आहे. 🧵

२/ अँड्र्यू टॅलन हे अमेरिकेतील व्हॅसर महाविद्यालयात कलेतिहासाचे प्राध्यापक होते. २०१० साली त्यांनी नोत्र दामच्या आत-बाहेर पन्नासहून अधिक ठिकाणी तिपाईवर लेझर यंत्र मांडून संपूर्ण वास्तू मोजली. आगीची तजवीज हा त्यामागचा हेतू नव्हता. बाराव्या शतकातील गवंड्यांनी एवढी उंच दगडी इमारत कशी उभारली, हा त्यांचा प्रश्न होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. आग लागली ती त्यानंतर पाच महिन्यांनी.

३/ या यंत्राचे तत्त्व सोपे आहे. यंत्र प्रकाशकिरण सोडते. तो दगडावर आदळून परत येतो आणि लागलेल्या वेळावरून अंतर काढले जाते. तीस मीटरवरच्या भिंतीला शिवून परतण्यास किरणाला एका सेकंदाचा सुमारे पन्नास लाखावा भाग पुरतो. अंतर आणि किरणाची दिशा हाती आली की भिंतीवरचा तो बिंदू अवकाशात निश्चित होतो. यंत्र स्वतःभोवती फिरत असे लक्षावधी बिंदू टिपते.

४/ एका जागेवरून सारे दिसत नाही. खांबामागचा भाग आडोशात राहतो. म्हणून यंत्र जागोजागी हलवावे लागते आणि सामाईक खुणांच्या आधारे सर्व मोजण्या एकमेकींशी जुळवाव्या लागतात. त्यातून जो बिंदूंचा दाट समुच्चय तयार होतो त्याला ‘पॉइंट क्लाउड’, म्हणजे बिंदुमेघ, म्हणतात. टॅलन यांच्या बिंदुमेघात शंभर कोटींहून अधिक बिंदू होते.

५/ त्या बिंदूंनी इतिहास सांगितला. पश्चिमेच्या दर्शनी भिंतीवर राजांच्या मूर्तींची जी ओळ आहे, ती ओळंब्यातून जवळजवळ एक फूट ढळलेली आढळली. टॅलन यांचा निष्कर्ष असा की बांधकाम चालू असतानाच खालची जमीन खचली, कारागिरांनी काम थांबवले आणि जमीन स्थिरावल्यावर ते पुढे नेले. कोणत्याही कागदात न नोंदलेली ही घटना भिंतीच्या वाकडेपणात टिकून राहिली होती.

६/ दुसरा निष्कर्ष याच्या उलट, सरळपणावरून निघाला. भिंतींना बाहेरून टेकू देणाऱ्या कमानी, म्हणजे ‘फ्लाइंग बट्रेस’, मागाहून जोडल्या गेल्या, असे एक मत होते. तसे असते तर मधल्या काळात छताच्या भाराने वरच्या भिंती बाहेर रेटल्या गेल्या असत्या. मोजणीत तसा रेटा दिसला नाही. म्हणून कमानी आरंभापासूनच असाव्यात, असे टॅलन यांनी मांडले. काही सेंटिमीटरांच्या असण्या-नसण्यावर एक मत उभे राहते किंवा पडते.

७/ आता मुख्य मुद्दा. बिंदुमेघाला भिंत म्हणजे काय हे ठाऊक नसते. त्यात फक्त बिंदू असतात. वास्तुविशारदाला मात्र भिंत, खांब, तुळई असे घटक हवे असतात, जाडी आणि साहित्यासह. म्हणून बिंदूंवरून डिजिटल मॉडेल रचले जाते. या पद्धतीला ‘बीआयएम’ म्हणतात. हे काम बहुतांशी माणूस करतो. हे बिंदू एका भिंतीचे, ती इतकी जाड, ती सरळ, असे तो ठरवतो.

८/ ‘ती सरळ’ या दोन शब्दांत धोका आहे. संगणकावर सरळ भिंत काढणे सोपे, कललेली भिंत काढणे कष्टाचे. चाळीस खांब असतील तर एक खांब रचून त्याच्या एकोणचाळीस नकला मांडण्याचा मोह होतो. मॉडेल देखणे होते. परंतु नोत्र दामच्या बाबतीत कोणी असे मॉडेल करून मूळ बिंदू फेकून दिले असते, तर तो फूटभर कल नाहीसा झाला असता. त्याबरोबर काम थांबल्याचा पुरावाही गेला असता.

९/ महाराष्ट्रात हा वाद एकदा होऊन गेला आहे. १८९८ साली वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरींतील चुका अस्सल पत्रांच्या आधारे उघड केल्या. पत्र त्या क्षणी, त्या कामापुरते लिहिलेले असते. बखर मागाहून, सारे जुळवून सांगितलेली असते. बिंदुमेघ हे अस्सल पत्र आहे, मॉडेल ही बखर आहे.

१०/ म्हणून बखर टाकाऊ ठरत नाही. सभासदाच्या बखरीशिवाय शिवचरित्राचा अभ्यास अपुरा राहील. त्याचप्रमाणे मॉडेलाशिवाय डागडुजीचा आराखडा, भाराचे गणित, लाकूड-दगडाचा हिशेब अवघड आहे. प्रश्न एवढाच की बखर वाचताना ती बखर आहे याचे भान ठेवले जाते; पडद्यावर फिरणारे चकचकीत मॉडेल पाहताना ते राहत नाही.

११/ अस्सल साधनालाही मर्यादा असतात. लेझर पृष्ठभाग पाहतो. भिंतीच्या पोटातील भराव, चुन्याचा प्रकार, लाकडाचे वय त्याला कळत नाही. काच आणि ओला दगड त्याला फसवतात. शिवाय नोत्र दामच्या मदतीला एकटे टॅलन यांचे बिंदू आले नाहीत. रेमी फ्रोमों आणि सेद्रिक त्राँतेसो या वास्तुविशारदांनी २०१४ साली छपराच्या लाकडी सांगाड्याची मापे घेऊन तपशीलवार रेखाचित्रे केली होती. नवा सांगाडा उभारताना ती अमोल ठरली. यंत्राची मोजणी आणि माणसाचे निरीक्षण, दोन्ही लागले.

१२/ यावर व्यवहारी आक्षेप असा: बिंदुमेघाच्या फायली अवाढव्य असतात, त्या सांभाळायला खर्च येतो आणि दहा-वीस वर्षांनी त्या उघडणारे सॉफ्टवेअर तरी असेल काय? आक्षेप खरा आहे. मोडी वाचणारे घटले तसे दप्तरांतील लाखो कागद असूनही मुके झाले. परंतु त्यावर कागद जाळणे हा उपाय नव्हता. मोडी शिकवणे हा होता. इथे तोच उपाय म्हणजे ‘ई५७’सारख्या खुल्या, सर्वांना वाचता येणाऱ्या स्वरूपात मोजणी जतन करणे.

१३/ मोजणी नसली की काय होते, हे पुण्यात पाहावे. १७३० साली पायाभरणी झालेला शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. आज तटबंदी, दिल्ली दरवाजा आणि जोती उरली आहेत. जोत्यांवरून दालनांचा तळ मोजता येतो. छत किती उंच होते, जिने कसे वळत होते, वरचे मजले कसे दिसत होते, हे जोते सांगत नाही. वाड्याच्या भव्य संगणकीय चित्रांत जोत्यांच्या वरचा भाग मुख्यतः तर्काने भरलेला असतो. तर्क करणे गैर नाही. त्यावर ‘तर्क’ अशी चिठ्ठी नसणे गैर आहे.

१४/ भारतात अशी कामे सुरू झाली आहेत. गुजरातेतील पाटणच्या राणी की वावची लेझर मोजणी २०११ साली एका स्कॉटिश प्रकल्पात झाली. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्यांतील अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतील जिंजी. या किल्ल्यांच्या आणि जुन्या वाड्यांच्या मोजण्या पुढील काळात वाढत जातील. म्हणून नियम आताच ठरायला हवेत.

१५/ अटी चारच, परंतु त्यांत तडजोड नको.
• मूळ बिंदुमेघ मॉडेलासह कायम जतन व्हावा.
• मोजणीची तारीख, यंत्र आणि यंत्र मांडल्याच्या जागा नोंदवाव्यात.
• मॉडेलमध्ये मोजलेला भाग आणि तर्काने भरलेला भाग वेगळ्या रंगांत दाखवावा.
• सार्वजनिक पैशातून झालेली मोजणी अभ्यासकांना खुली असावी. ठेकेदाराच्या कपाटात अडकून पडू नये.

१६/ चौथी अट सर्वांत महत्त्वाची. टॅलन गेल्यानंतरही त्यांची मोजणी महाविद्यालयाकडे शिल्लक होती, म्हणून ती कामी येऊ शकली. राजवाड्यांनी गावोगावच्या घरांतून दप्तरे गोळा केली, कारण माळ्यावरचा कागद वाळवी खाते हे त्यांना ठाऊक होते. हार्ड डिस्कलाही तिची स्वतःची वाळवी असते. साधन एकाच्या घरात राहिले की ते एका अपघाताच्या अंतरावर असते.

१७/ किल्ल्याचे थ्रीडी मॉडेल पुढे आले की तरुण अभ्यासकाने त्याला तेच प्रश्न विचारावेत जे तो एखाद्या बखरीला विचारतो. हे कोणी रचले? केव्हा? कशाच्या आधारे? मूळ मोजणी कुठे पाहायला मिळेल? उत्तर मिळाले तर ते मॉडेल इतिहासाच्या कामाचे. न मिळाले तर ते सुरेख चित्र समजावे आणि बुरुज पाहण्यासाठी गडावरच जावे. तिथला बुरुज अजून त्याच्या खऱ्या कलात उभा आहे. तो ढासळण्याआधी त्याचे बिंदू टिपले जावेत आणि टिपलेले बिंदू जपले जावेत.