शलाका हाती घेण्यापूर्वीचे वर्ष

नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेच्या अधिसूचनेने आयुर्वेदाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी शिकावयाच्या शस्त्रकर्मांची यादी जाहीर झाली. तीत शल्यतंत्राची ३९ व शालाक्यतंत्राची १९ कर्मे होती. मोतीबिंदूचे शस्त्रकर्मही होते. डिसेंबरात आधुनिक वैद्यकाच्या संघटनेने देशव्यापी काम बंद ठेवले आणि आपल्या बाजूने सुश्रुताचा वारसा सांगितला गेला. अधिकाराविषयी पुष्कळ वाद झाला. तो अधिकार पेलण्याची तयारी कशी होते, याविषयी मात्र फारसे बोलले गेले नाही. आम्हांस त्याविषयी लिहावयाचे आहे.

आधुनिक नेत्रचिकित्सेचा एम.एस. अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. पहिल्या वर्षापासूनच निवासी डॉक्टर मोतीबिंदू काढू लागत असेल, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक ते वर्ष मुख्यतः पाहण्यास शिकण्यात जाते. दृष्टीची नोंद करणे, रेटिनोस्कोपने चष्म्याचा नंबर काढणे, स्लिट लॅम्पखाली बुबुळ न्याहाळणे, डोळ्याचा दाब मोजणे, बाहुली विस्फारून दृष्टिपटल तपासणे, अश्रुमार्ग मोकळा आहे की नाही हे ठरविणे, ही कामे बाह्यरुग्ण विभागात शेकडो वेळा करावी लागतात. शस्त्रक्रियेपूर्वी कृत्रिम भिंगासाठी मोजमापे घेणे, मधुमेह व रक्तदाब पाहणे, दुसऱ्या दिवशी पट्टी सोडून डोळा तपासणे हेही त्याच्याकडेच असते. रात्रपाळीत बुबुळात रुतलेला लोखंडाचा कण काढावा लागतो. शस्त्रक्रियागृहात तो प्रथम साहाय्यक असतो. बकऱ्याच्या डोळ्यावर टाके घालण्याचा सराव करतो. पुढे पापणीवरील गाठीसारखी लहान कर्मे वरिष्ठांच्या देखरेखीखाली करतो. प्रत्येक कर्माची नोंद लॉगबुकात होते व तीखाली शिक्षकाची स्वाक्षरी असते.

तेथेही सारे आलबेल आहे असे नव्हे. २०२३ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील नेत्रविभागाच्या निवासी डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची पुरेशी संधी मिळत नसल्याची तक्रार केली आणि प्रकरण संपापर्यंत गेले. विभागातील ज्येष्ठांनी आरोप नाकारले. त्या वादाचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. परंतु पदवीच्या कागदाने हात तयार होत नाही, हे त्या तरुणांना कळले होते.

हे आपणांस नवे वाटू नये. सुश्रुताने सूत्रस्थानात ‘योग्या’ या विषयाला स्वतंत्र अध्याय दिला. भोपळा, काकडी यांवर छेदनाचा, कमळाच्या देठावर वेधनाचा सराव त्याने सांगितला. शास्त्र पुष्कळ ऐकूनही ज्याने योग्या केली नाही, तो कर्मास अपात्र, असे बजावले. उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग वर्णन करून प्रथम त्यांचे निदान व साध्यासाध्यता सांगितली; लिंगनाशाचे शलाकाकर्म त्यानंतर येते. अर्थात पाहणे आधी, शस्त्र नंतर, हा क्रम आपलाच आहे. आपण त्याचे स्मरण व्याख्यानात करतो. प्रश्न लॉगबुकाचा आहे.

खानदेशात हा प्रश्न केवळ विद्यार्थ्यांपुरता नाही. पऱ्हाटी उपटताना, केळीच्या बागेत किंवा ज्वारीच्या काढणीत डोळ्याला काडी वा पाते लागते. शेतकरी प्रथम गावच्या वैद्याकडे किंवा थेट औषधाच्या दुकानात येतो. ‘लाल डोळा’ म्हणून त्याला स्टेरॉइडयुक्त थेंब मिळतात. दोन दिवस लाली उतरते, बरे वाटते; आत बुरशीचा व्रण वाढत असतो. आपण ज्यास सव्रण शुक्र म्हणतो तोच हा प्रसंग. पुढे फूल पडते आणि कमावत्या माणसाची दृष्टी कायमची जाते. पहिल्या वर्षाचा निवासी अशा डोळ्यात फ्लुरोसीनची पट्टी लावून निळ्या प्रकाशात व्रण पाहतो आणि वरिष्ठांना बोलावतो. एवढे आपणही शिकू शकतो.

म्हणून आमचे म्हणणे असे. शालाक्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास पहिल्या वर्षी गर्दीच्या नेत्रविभागात, शिक्षकाच्या स्वाक्षरीसह काम मिळावे. जळगाव व धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांशी त्यासाठी रीतसर करार करण्याचा प्रयत्न आपल्या संघटनेने करावा. सर्वसाधारण व्यवसाय करणाऱ्या वैद्यबंधूंनी दृष्टितक्ता व विजेरी दवाखान्यात ठेवावी, प्रत्येक डोळ्याची दृष्टी वेगळी नोंदवावी आणि काडी लागलेला डोळा त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावा. औषधविक्रेत्या बंधूंना विनंती आहे की स्टेरॉइडचे थेंब चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. ग्राहक रागावला तरी चालेल.

अधिसूचनेने आपणांस अधिकार दिला असेल. विश्वास रुग्णच देतो. तो मिळवावयाचा तर पहिल्या वर्षाचे कष्ट टाळून चालणार नाही.